पाण्याखालचा डोंगर हरवला

१

कॅमेरा तांदळातच होता. त्यातला डोंगर तेवढा गेला होता.

"अशी कशी चोरी म्हणावी हे?" शेवंताबाईंनी पितळी डबा जमिनीवर ठेवला. "चाळीस हजाराचा कॅमेरा टाकून चोर नखाएवढं कार्ड घेऊन गेला. अकलेचा दुश्मनच दिसते."

"माय, अकलेचा दुश्मन नाही. त्याला अक्कल आहे, तीच तर भीती आहे," श्रुतिका म्हणाली. खाली वाकून ती कॅमेरा न्याहाळत होती. कॅमेऱ्यावर तांदळाचा भुगा होता, पण कार्डाचं छोटं झाकण नीट लावलेलं होतं.

श्रुतिका बालाघाटात राहायची. जबलपूरहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून नुकतीच परतली होती आणि नोकरीची वाट बघता बघता लोकांची कोडी सोडवायची. मागच्या वर्षी एका वॉर्डात पाण्याची टाकी भूत असल्यासारखी कण्हायची. त्या भुताला तिने पाइपातल्या हवेपर्यंत नेऊन सोडलं होतं. तेव्हापासून कुठे काही अडलं की लोक म्हणायचे, त्या स्कूटीवाल्या पोट्टीले बोलवा.

आज तिला बोलावलं होतं दीप्तीने. दीप्ती मेश्राम ही तिची कॉलेजची मैत्रीण. भरवेलीच्या खाण कॉलनीला लागून असलेल्या या दोन खोल्यांच्या घरात आई शेवंताबाई, वडील पुनाराम आणि ती राहायचे. भाऊ अश्विन अंदमानात होता. पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणणं हे त्याचं काम. तो मंगळवारी आठवड्याच्या सुट्टीवर आला होता, आणि येताना एक डोंगर घेऊन आला होता. पाण्याखालच्या एका डोंगरावरच्या पूर्ण बुडीची फिल्म, बोटीवरून उडी मारल्यापासून शिडीला हात लागेपर्यंत, एका कार्डावर. रविवारी समाज मंदिरात पडदा लावून सगळ्या कॉलनीला दाखवायची ठरली होती.

पण दीप्तीचा चेहरा उतरला होता तो कॉलनीसाठी नव्हे.

"मले अश्विनदादाच्याच ठिकाणी ट्रेनिंगले घेतलं आहे," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत हो म्हणून कळवाचं आहे. बाबूजी म्हणे, ज्या जागी मानूस उतरते ते जागा पाह्यल्याशिवाय मी आजवर कोनाले खाली पाठवलं नाही. पोरीले कसा पाठवू? पहिले पूर्ण दाखव, मंग सांगतो."

"आणि आता?"

"आता काल संध्याकाळपासून एकच बोलून राह्यले. नाही म्हनजे नाही."

श्रुतिकाने मान वर केली. "काल संध्याकाळपासून? कार्ड गेलेलं तर आज सकाळी कळलं ना?"

२

अश्विन अंगणात खाटेवर बसला होता. उन्हाने रापलेला, केसांची टोकं मिठाने पिवळी पडलेली. त्याला चोरीपेक्षा डोंगराचं दुःख जास्त होतं.

"श्रुतिका, तू समज, इथून उकव्याकडे जाताना कसा डोंगर लागतो, तसाच. फक्त तो समुद्राच्या तळातून उठला आहे आणि पाण्याबाहेर यायला सोळा-सतरा मीटर कमी पडले. वरून काहीच दिसत नाही. सपाट निळं पाणी. आपण दोरी धरून उतरायला लागतो. नुसतं निळं, निळं, आणि मग खालून तो येतो." त्याने दोन्ही तळवे हळूहळू वर आणले. "चारी बाजूंनी खोल समुद्र आणि मध्ये हा एकटा. प्रवाह येऊन याच्यावर आपटतो, खालचं खाद्य वर आणतो. म्हणून मैलोन् मैल जे काही पोहतं ते इथे जेवायला येतं. माणसाएवढाल्या पंख्यांसारखी प्रवाळं, कपारीत निजलेले शार्क, दगडासारखा दिसणारा विंचूमासा. एकदा मांटा, तो खोलीएवढा पंखवाला मासा, गेला माझ्या डोक्यावरून. शेतावर ढगाची सावली जाते ना, तशी सावली गेली."

श्रुतिकाने समुद्र पाहिला होता तो पुस्तकात आणि आकड्यांत. तरी तिच्या हातावर काटा आला.

"यातलं घरच्यांनी किती पाहिलं होतं?"

"मोबाईलवर तीन छोट्या क्लिपा. रंग दुरुस्त करून मीच पाठवल्या होत्या. लाल पंखे, नारिंगी मासे. पूर्ण फिल्म कच्चीच होती. शनिवारी बाजारात प्रेमलालच्या स्टुडिओत बसून तिचे रंग करणार होतो." तो थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि एक गोष्ट तर कुणालाच सांगितली नव्हती. रविवारचं सरप्राइज होतं. बॅराकुडा माशांचा थवा. शेकडो. डोंगराच्या माथ्यावर गोल गोल फिरत होते आणि आम्ही मधोमध."

"कॅमेरा शेवटचा चालू कधी केला?"

"बुधवारी. सगळ्यांना दाखवलं, हे बटन दाबलं की चालू, हे दाबलं की बंद. मग पूर्ण चार्ज करून मायकडे दिला. म्हटलं, याला दमट लागू देऊ नको."

"आन् मी तांदळात ठेवला," शेवंताबाई आतून ओरडल्या. "घरच्या वासाच्या चिन्नोर तांदळात! दुसऱ्या कोन्या मायनं ठेवला असता?"

श्रुतिकाने बटण दाबलं. पडद्यावर 'कार्ड नाही' अशी खूण आली आणि कोपऱ्यात बॅटरी दिसली. निम्मी रिकामी.

म्हणजे कार्ड काढणाऱ्याने ते घाईने काढलं नव्हतं. निवांत बसून पाहिलं होतं. सगळं.

३

काल, गुरुवारी, घरात कोण कोण येऊन गेलं, याचा शोध घेणं सोपं होतं. शेजारी बारसं होतं, घर दिवसभर उघडं. घरच्यांखेरीज आत आले ते दोघे.

पहिले गजेंद्रमामा. शेवंताबाईंचे धाकटे भाऊ, मलाजखंडला ठेकेदाराकडे मुकादम. दीप्तीसाठी त्यांनी गोंदियाचं एक स्थळ आणलं होतं आणि ते खिशातल्या फोटोसकट घेऊन फिरत होते.

"मी काहून चोरू?" मामा उखडले. "पोरगी समुद्रात गेली तं स्थळ जाते, हे खरं. पर मी तं उलट म्हनतो, दाखवा फिल्म! एक शार्क पाह्यला का पोरगी आपोआप घरी बसते."

"मामा, त्या फिल्ममध्ये तुम्हाला काय बघायचं होतं?"

"तेच, लाल लाल मासे, लाल झाडं. मोबाईलवर पाह्यलं तं होतं. लग्नाच्या मंडपावानी सजवलं आहे खाली."

दुसरा प्रेमलाल. बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि रविवारचा प्रोजेक्टर त्याचाच. गुरुवारी तो कॅमेऱ्याला कोणती वायर लागते ते बघायला येऊन गेला होता. श्रुतिका त्याच्या दुकानात गेली, तेव्हा तो एका नवरदेवाला गोरा करत होता.

"दीदी, मेरे को क्या मिलेगा?" तो म्हणाला. "उलटा माझंच नुकसान. मी तं पोस्टर बनवून ठेवलं." त्याने पडद्यावर दाखवलं. त्यावर लालभडक प्रवाळं होती, लाल अक्षरं होती, कोपऱ्यात प्रेमलालचा स्वतःचा फोटोही होता. "रेड एकदम कडक आहे त्याच्यात. मी म्हनलं, अजून थोडा वाढवू."

श्रुतिका परत आली तेव्हा शेवंताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. कार्ड चुकून तांदळात पडलं असेल ही आशा त्यांनी सोडली नव्हती.

"माय, तुम्हाला काय बघायचं होतं?"

"मले? पोराचं तोंड. खाली गेल्यावर कसा दिसते तो." त्या हसल्या. "आन् ते लाल पंखे. माह्यावाली एक साडी होती तशी."

"आणि काकांना?"

शेवंताबाईंचा हात थांबला. "त्याईचं काही समजत नाही बाई. काल जेवता जेवता पोराले म्हने, तुह्यासंगचे ते लोक सारे घरी पोचले ना? पोरगा म्हने, टूरिस्ट आहे बाबूजी, आले, उतरले, गेले, कोन लक्षात ठेवते? झालं. ताट तसंच ठेवून उठले. आता सांग, याच्यात रागावाचं काय होतं?"

"काकांची सवय असेल विचारायची."

"सवयच. मेट होते ना खानीत. शिफ्टचे मानसं त्याईच्या हाताखाली. मेट लोकाईची एक रीत होती, कंपनीची नाही, त्याईचीच. खाली उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला मेटाकडे द्यायचा, वर आला का घ्यायचा. एखादा बिल्ला घ्यायले मानूस नाही आला, तं तो पेटीत नाही ठेवाचा. शर्टाच्या खिशात. मानूस वर येईपावतर तो खिशातून निघत नाही आन् मेट घरी येत नाही. कित्येकदा भाजी गार झाली या रीतीपायी."

श्रुतिकाने सुपाकडे पाहिलं. पांढरेशुभ्र, बारीक तांदूळ. त्यात कार्ड नव्हतं. ते तिथे नसणार हे तिला आता कळायला लागलं होतं.

४

पुनाराम मेश्राम घराच्या मागे, चिंचेखाली सायकलची चेन साफ करत होते. सायकल दीप्तीची. सत्तरीला टेकलेला, सुकलेला पण ताठ माणूस. आयुष्याची पस्तीस वर्षं त्यांनी हजार फुटांखाली मँगनीजच्या काळ्या दगडात काढली होती. समुद्र कधी पाहिला नव्हता.

"जय भीम, काका."

"जय भीम. चोर भेटला का?"

"शोधून राह्यली." ती शेजारच्या दगडावर बसली. "सगळ्यांना एकच प्रश्न विचारते आहे. त्या फिल्ममध्ये तुम्हाला काय बघायचं होतं?"

"काय पाहाचं त्याच्यात," पुनाराम चेनवरून नजर न काढता म्हणाले. "निळा अंधार. काळी झाडं. आमच्या खानीवानीच."

वर चिंचेत पोपट भांडत होते.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं, हे तिने प्रयोगशाळेत मोजलं होतं. वीस-पंचवीस मीटर खाली सूर्यप्रकाशातला लाल उरतच नाही. तिथला लाल पंखा कॅमेऱ्याला काळा दिसतो. रंग दुरुस्त केल्यावर तो पुन्हा लाल होतो. मोबाईलवरच्या क्लिपा पाहिलेला प्रत्येक माणूस लाल म्हणाला होता. काळी झाडं फक्त कच्च्या फिल्ममध्ये होती.

पण हा माणूस खाणीतला. अंधाराची कल्पना त्याला करता आली असती. एवढ्यावर वडीलमाणसाला चोर म्हणता येत नाही.

"मग मासेही तसेच काळे असतील," ती सहज म्हणाली.

आणि पुनारामांचे हात थांबले. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, ढगामागून ऊन सरकतं तसं.

"मासे नाही ना," ते म्हणाले. "मासे तं... पोरी, चांदीचे पत्रे! एवढाले लांब. गोल गोल घुमते, भिंगरीवानी, आन् एकमेकाले लागत नाही. एकही नाही. शिफ्ट सुटल्यावर आमचे लोक वर नेनाऱ्या केजपाशी एवढी धक्काबुक्की करत, आन् ते मुके जीव, शेकड्यानं, काही गडबड नाही. मी बापा तीनदा पाह्यलं ते. तीनदा..."

ते थांबले. चेन खाली पडली.

"ते अश्विनने कुणालाच सांगितलं नव्हतं, काका," श्रुतिका हळूच म्हणाली.

पुनारामांनी तेलकट बोटं पुसली.

"कार्ड तुमच्या शर्टाच्या खिशात आहे."

"तुले सारं समजलं तं."

"सगळं नाही. कुठे आहे ते समजलं. तुम्ही तीनदा बघितलं, तुम्हाला आवडलं, मग दीप्तीला नाही का म्हणता ते नाही समजलं. खिशात ती वस्तू जाते जिचा माणूस वर आलेला नसतो." तिने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. "काका, कोण वर आलं नाही?"

पुनारामांनी घराकडे पाहिलं. आतून अश्विनचं हसणं ऐकू येत होतं.

"सहा उतरले," ते म्हणाले. "मी मोजले. सवयच आहे. बोटीवरून एक एक उडी, सहा. शेवटी शिडीखाली लटकले होते ते मोजले. पाच. तीनदा पाह्यलं, तीनदा पाचच. आन् त्याईले खाली नेनारा माहा पोरगा. मी विचारलं तं म्हने, कोन लक्षात ठेवते. असं बोलते का कोनी मानसाईबद्दल? रविवारी सारी कॉलनी पाहीन. त्याच्यात अर्धे लोक खानीतले. मोजनार नाहीत का?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं, काळं.

"मी तं चोरच झालो. पर पोराले वाचवाले दुसरं काय करू, ते तू सांग."

५

श्रुतिकाने लॅपटॉप चिंचेखालीच उघडला. अश्विनला विचारणं सोपं होतं, पण आधी स्वतः बघायचं, मग विचारायचं, ही तिची शिस्त होती.

फिल्म सुरू झाली. बोटीवरून कुणीतरी चित्रण करत होतं. काळे पोशाख, चेहऱ्यावर काच, तोंडात नळी. कोण बाई, कोण पुरुष कळू नये. एक, दोन, तीन. चार, पाच. सहावा. चित्र एकदम उलटंपालटं झालं, फेस उडाला, आणि मग ते खाली निघालं.

निळं. नुसतं निळं. मग खालून डोंगर आला.

ती मोजायचं विसरली. कडेकपारीत काळे पंखे प्रवाहात एका बाजूला वाकलेले, धानाच्या शेतावर वारा गेल्यासारखे. त्यांच्यातून छोट्या माशांचे लोंढे आत-बाहेर. खबदाडात शार्क निजलेला, फक्त कल्ले हलत होते. आणि मग ती चांदीची भिंगरी. शेजारी पुनारामांचा श्वास अडकला, चौथ्यांदासुद्धा.

शेवट आला. पृष्ठभागाजवळ, बोटीच्या सावलीखाली सगळे थांबलेले. श्रुतिकाने चित्र थांबवून बोट ठेवत मोजलं.

पाच.

तिने पुन्हा मागे नेलं. उड्या सहाच. थांबलेले पाचच. बोट ठेवलं तेही बरोबर. मग ती माणसं सोडून बाकीचं बघायला लागली. पाणी, उजेड, दोरी, बुडबुडे.

बुडबुडे.

प्रत्येकाच्या डोक्यावरून बुडबुड्यांची माळ वर चढत होती. लांबच्या माणसांचे बारीक, मोत्यांसारखे. पण चौकटीच्या वरच्या कडेला, भिंगाच्या अगदी जवळ, थोड्या थोड्या वेळाने ताटाएवढे बुडबुडे फुटत वर जात होते. आणि त्या बाजूला कुणीच नव्हतं.

"काका, पुन्हा मोजा. माणसं नको. श्वास मोजा."

पुनारामांनी डोळे बारीक केले. "एक... दोन... हे तीन... चार, पाच." ते थांबले. "आन् हे मोठे कोनाचे?"

श्रुतिकाने आवाज वाढवला. इतका वेळ दोघांनी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. यंत्राची घरघर असावी असं वाटलं होतं. आत ओढलेली हवा, लांब, सावकाश. मग खळखळाट, आणि त्याच क्षणी मोठे बुडबुडे. पुन्हा ओढलेली हवा. पुन्हा बुडबुडे.

"हा सहावा," ती म्हणाली. "सुरुवातीला कॅमेरा बोटवाल्याकडे होता, म्हणून सहाही दिसले. सहावा पाण्यात पडला आणि त्याने हात वर करून कॅमेरा घेतला. तेव्हा चित्र उलटं झालं, बघा. तिथून पुढे तुम्ही सगळं त्याच्या हातून बघताय. तो कधीच दिसणार नाही, कारण तोच दाखवतो आहे. सगळ्यात शेवटी वर येणारा. बाकीचे पाच शिडीला लागेपर्यंत त्यांच्या खाली थांबून त्यांच्यावर नजर ठेवणारा."

"म्हनजे..."

"म्हणजे तुमच्या घरात खाटेवर बसून हसतो आहे तो."

पुनाराम पुढे वाकले. त्यांनी कान लॅपटॉपच्या जवळ नेला. आत हवा, बाहेर हवा. पस्तीस वर्षं अंधारात त्यांनी माणसं अशीच ओळखली होती. आणि हा श्वास तर त्यांच्याच छातीवर निजून मोठा झाला होता.

"लहानपनी असाच घोरे," ते म्हणाले, आणि गमछा डोळ्यांना लावला.

पाठीमागे अश्विन केव्हा येऊन उभा राहिला ते दोघांना कळलं नव्हतं. कार्ड लॅपटॉपमध्ये, वडिलांच्या डोळ्यांत पाणी. काय झालं ते त्याला अर्ध्यातच समजलं.

"बाबूजी, तुम्हाले वाटलं मी कोनाले खाली सोडून आलो?"

"तूच तं म्हनला, कोन लक्षात ठेवते."

अश्विन खाली बसला. "नावं नाही ठेवत लक्षात. खरं आहे. पर खाली असलो का, दर दोन मिनिटाले मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच. झोपेतही मोजतो कधी कधी. हे मले तिथं कोनी नाही शिकवलं. घरातच शिकलो."

"मंग मानसाईबद्दल बोलाले नीट शीक," पुनाराम गुरगुरले. पण हात पोराच्या डोक्यावर होता.

६

रविवारी समाज मंदिर भरून लोक बाहेर उभे होते. प्रेमलालने रंग केले, थोडे जास्तच केले. शेवटी, शिडीखाली पाच जण लटकलेले दिसले तेव्हा मागच्या ओळीतून एक म्हातारा खाणकामगार ओरडलाच, "अबे, एक कमी आहे!"

"आवाज ऐक, आवाज!" पुनाराम पहिल्या ओळीतून गरजले. "सहावा दाखवून राह्यला!"

गजेंद्रमामांनी शार्क आला तेव्हा दीप्तीकडे आशेने पाहिलं. ती पुढे सरकून बसली होती. मामांनी फोटो पाकिटात परत ठेवला.

पुढच्या आठवड्यात बालाघाट स्टेशनवर दीप्ती गाडीत चढली. अश्विनने सामान वर टाकलं. शेवंताबाईंनी चिन्नोराची थैली दिली आणि यात काही ठेवू नको, शिजव, असं बजावलं. श्रुतिका खिडकीपाशी उभी होती. पुनाराम मात्र डब्याच्या दारात येऊन थांबले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे."

"काय बाबूजी?"

"खाली जाऊन राह्यली ना? मंग काही तं दे तुह्यावालं."

दीप्ती गोंधळली. बिल्ला तिच्याकडे कुठला? तिने पर्स चाचपली, आणि मग हसून सायकलची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

पुनारामांनी ती पेटीत ठेवतात तशी ठेवली नाही. शर्टाच्या खिशात टाकली, वरून दोनदा थोपटली आणि म्हणाले, "आता जा. सायकलीत हवा मी भरून ठेवतो."